रस्ता कमी कर

शिकागो
सप्टेंबर १९८६, बहुतेक रविवार

प्रिय विनय,

याच्या आधीचे कागद फाडले. एका पत्रात मी फार शहाणी वाटत होते, दुसऱ्यात फार बिचारी. मी दोन्ही नाहीये हे तुला माहीतच आहे, म्हणून आता जसं सुचेल तसं लिहितेय. लॉन्ड्रोमॅटमध्ये बसलेय, समोर माझ्या चादरी गोल गोल फिरतायत आणि माझा पाय हलायचा थांबत नाहीये. शेजारची बाई दोनदा माझ्या पायाकडे बघून उठून गेली. कागद कॉलेजच्या ड्रॉइंगचा आहे, मागे एका जिन्याचा अर्धा सेक्शन दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. म्हणजे देशीलच. जिन्याचा हिशोब चुकलाय, मला माहितीये.

कॅलिफोर्नियाच्या वाटेवर, नेब्रास्कात, नॉर्थ प्लॅटला मी तुझ्या गाडीतून उतरले आणि उलट्या दिशेची बस पकडली. का उतरले ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही, आणि तूही विचारलं नाहीस. आईने नागपूरहून ट्रंक कॉल लावला होता. रडली नाही, ओरडली नाही, फक्त म्हणाली, प्रतिमा, डिसेंबरचं कार्यालय ठेवायचं की सोडायचं तेवढं सांग, मंगल कार्यालयवाला रोज माणूस पाठवतोय. मी म्हटलं, आई, आवाज नीट येत नाहीये. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तुझ्या सरलामावशींची गोष्ट तर वेगळीच. आपण त्यांना सांगितलं होतं ना, दोघंच नाही, दीपापण येतेय सोबत म्हणून? आपण निघालो त्याच दिवशी दीपा डेव्हन रस्त्यावर, मावशींच्या दुकानात भेंडी निवडताना त्यांना भेटली. मावशींनी तिला विचारलं, काय गं, कॅलिफोर्निया एवढ्यात आलं? दीपा बिचारी भेंडी तशीच टाकून पळाली. मी परत आल्यावर मावशी मला दुकानाच्या दारातच म्हणाल्या, नेब्रास्कात असं काय बघितलंस बाई, की आल्या पावली परत? आमचा विनय घोरतो का? आणि मग स्वतःच हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि मला पावशेर जिलबी बांधून दिली. मी ती बसस्टॉपवर उभ्या उभ्या सगळी खाल्ली. घरी न्यायचा धीर नव्हता.

तर का उतरले. सांगते. पण त्यासाठी आधी गोबान सीर सांगावा लागेल.

मिसेस फेही आठवतात ना, माझ्या खाली राहणाऱ्या, घरमालकीण? तू एकदाच भेटलास त्यांना. तू त्यांच्या पोर्चची सैल फळी बघत होतास आणि त्या तुझ्याकडे बघत होत्या. गॉलवेकडच्या कुठल्याशा खेड्यातून तिशीच्या आत इकडे आलेल्या. त्यांच्या गावाजवळ एक दगडी मनोरा आहे, उंच, निमुळता, आणि चक्क तिरका. तो म्हणे गोबान सीरने बांधला. हा गोबान म्हणजे आपल्या विश्वकर्म्याचा आयरिश चुलतभाऊ समज. आधी देवांचा लोहार होता, तीन ठोक्यांत भाला तयार, चौथा ठोका कधी लागलाच नाही. मग देवांचे दिवस गेले तसा तो माणसांत आला आणि गवंडीकाम, सुतारकाम करायला लागला. खिळे वर हवेत फेकायचा, मागून हातोडी फेकायचा, आणि वर तुळईत खिळे ठोकून हातोडी परत हातात. मी विचारलं, मग इतका मोठा कारागीर आणि मनोरा तिरका कसा? तर मिसेस फेही म्हणाल्या, गावाने त्याला भाकरीबरोबर लोणी दिलं नाही. आता समोर राहणारे मिस्टर लिंच, ते मेयोचे, ते म्हणतात गोबान त्या गावात कधी गेलाच नाही, तो आमच्याकडचा, आणि आमचा मनोरा सरळ आहे. या दोघांचं या विषयावर गेली कित्येक वर्षं पटत नाही. समोरासमोरच्या फुटपाथवरून भांडण चालतं. मनोरे समुद्रापलीकडे, हजार वर्षांचे, आणि भांडण इथे, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना.

मला इतकं ओळखीचं वाटलं ते! मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे पडकं देऊळ दिसलं की ते पांडवांनी बांधलेलं असतं. एका रात्रीत. आणि शिखर नसेल तर कोंबडा आरवलेला असतो. कोंबडा आरवला, उजाडलं, हातातलं काम तिथेच टाकून पांडव निघून गेले. प्रत्येक तालुक्यात असं एक देऊळ आहे. मिसेस फेहींनी विचार केला आणि म्हणाल्या, मग त्या कोंबड्याचं कुणी काहीच केलं नाही? पुढच्या गावात जाताना तरी आधी कोंबडा बघायचा ना! मला इतकं हसू आलं विनय. शाळेत असल्यापासून ही गोष्ट ऐकतेय, कोंबड्याचा बंदोबस्त करावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

चादरी झाल्या. ड्रायरमध्ये टाकून आले.

आपण निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे किल्ली द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला रस्त्याची गोष्ट सांगितली. गोबान म्हातारा झालाय. लांबच्या राजाने राजवाडा बांधायला बोलावलंय. तो आणि त्याचा मुलगा चालत निघतात. थोडं गेल्यावर बाप म्हणतो, पोरा, रस्ता जरा कमी कर. पोरगा म्हणतो, बाबा, रस्ता आहे तेवढा आहे, मी कसा कमी करू? बाप म्हणतो, मग चल, घरी जाऊ. आणि खरंच मागे फिरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात, पुन्हा तेच. पोराला काही सुचत नाही, पुन्हा घरी. तिसऱ्या दिवशी निघतात, बाप म्हणतो रस्ता कमी कर, आणि पोरगा गोष्ट सांगायला लागतो. त्या गोष्टीच्या नादात कधी डोंगर गेले, कधी नदी गेली, कळलंच नाही. गोष्ट संपायच्या आत राजवाडा आला.

मिसेस फेहींनी मला दोन गालांवर दोन पाप्या दिल्या आणि म्हणाल्या, दोन हजार मैल आहेत पोरी, बघ तुझा होणारा नवरा रस्ता कमी करतो का.

हे डोक्यात घेऊन मी तुझ्या गाडीत बसले.

पहिल्यांदा म्हटलं ते आयोवात. बाहेर मका, मग मका, मग धान्याचा एक उंच सायलो आणि परत मका. रेडिओवर एक तर पाद्री, नाही तर धान्याचे भाव. तुझी नाट्यगीतांची कॅसेट इलिनॉय संपायच्या आत प्लेयरने खाल्ली होती. मी म्हटलं, विनय, रस्ता कमी कर ना. तू मान डोलावलीस आणि ॲक्सिलरेटर दाबलास. पंचावन्नच्या रस्त्यावर सत्तर. मला हसू आलं. मी म्हटलं, ठीक आहे, पहिला दिवस.

दुसऱ्यांदा म्हटलं ते ओमाहा सोडल्यावर. तू गाडी कडेला घेतलीस. ब्लिंकर लावलास. मागच्या सीटवरून ॲटलास काढलास, बॉनेटवर पसरलास, आणि खिशातल्या पेनाने एक बारीक रेघ दाखवून म्हणालास, हे बघ, इकडून गेलं तर अठरा मैल वाचतात. तुझा चेहरा इतका खूश होता! त्या अठरा मैलांच्या रस्त्यावर पूल बंद होता, आपण एका डुकरांच्या फार्ममधून वळून आलो, तासभर जास्त लागला. तू त्याबद्दलही काही बोलला नाहीस. डुकरांबद्दलसुद्धा नाही. मी वाट बघत होते यार, निदान डुकरांबद्दल तरी काहीतरी बोलशील.

आणि तिसऱ्यांदा. संध्याकाळचं ऊन सरळ काचेवर येत होतं, नॉर्थ प्लॅटच्या पाट्या लागायला लागल्या होत्या. मी जरा चिडूनच म्हटलं असेन, आता तरी रस्ता कमी कर. तू मला मागची उशी काढून दिलीस आणि म्हणालास, तू झोप थोडा वेळ, उठशील तेव्हा पोचलेले असू.

विनय, किती प्रेमाने म्हणालास. मला माहितीये ते. दुसरी कुठलीही मुलगी सुखाने झोपली असती. पण मी झोपले नाही. मला एकदम पुढचं सगळं दिसलं. कॅलिफोर्नियातलं, क्युपर्टिनोचं अपार्टमेंट, पार्किंगची ठरलेली जागा, मग घर, मग त्याहून मोठं घर, तू कडेला न थांबता नीट गाडी चालवतोयस, हप्ते, टायर, इन्शुरन्स सगळं व्यवस्थित, आणि मी मागच्या सीटवर उशी घेऊन झोपलेय. उठेन तेव्हा पोचलेले असू. कुठे? आणि मधल्या रस्त्याचं काय? ती उशी मी मांडीवर घेऊन बसले, आणि पुढच्या एक्झिटला म्हटलं, मला उतरायचंय.

तू विचारलंस, नक्की? मी म्हटलं हो. बस. तेवढंच. मग तू सगळं नीट केलंस, ते जास्त वाईट होतं. बसचं तिकीट काढलंस. बसमध्ये एसी गार असतो म्हणून स्वेटर वरच्या बॅगेत काढून ठेवलास. फोनसाठी क्वार्टरची नाणी दिलीस. बस निघाली तेव्हा मी काचेतून बघत होते, तू माझ्याकडे नाही, बसच्या मागच्या टायरकडे बघत होतास. हवा कमी असणार. माझं तोंड रडवेलं आणि त्यातही मला हसू येत होतं.

ड्रायर झाला. आता घरी आलेय. बसून लिहवत नाहीये म्हणून फ्रिजवर कागद ठेवून उभ्याने लिहितेय, अक्षर सांभाळून घे. खिडकीतून डेव्हनची बस जाताना दिसते, प्रत्येक बस आली की मला वाटतं हिच्यात चढावं. कुठे जाते ते माहीत असूनसुद्धा.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मला नाव विचारायच्या आधीच तिने तिच्या मेव्हण्याची गोष्ट सुरू केली. त्याने म्हणे एकाच बाईशी तीनदा लग्न केलं होतं. मधे दोनदा घटस्फोट. पहिला कुत्र्यावरून, दुसरा त्याच कुत्र्यावरून. तिसऱ्या लग्नाला कुत्र्यालाच पुढे बसवलं. आयोवा कधी संपलं मला कळलं नाही, शप्पथ. आणि ती उतरून गेल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? ही गोष्ट विनयला सांगायला हवी. ज्याच्या गाडीतून मी त्याच्या गप्प बसण्यावर वैतागून उतरले, त्यालाच. तोपर्यंत मी रडले नव्हते. तिथे मात्र रडले. शेजारच्या सीटवर तुझा स्वेटर होता, म्हणजे माझाच, तू काढून ठेवलेला.

मिसेस फेहींनी मला दारात बॅगेसकट बघितलं तेव्हा आधी चहा ठेवला. मग दोन-तीन दिवसांनी, त्या केसांना रोलर लावून बसल्या होत्या, तेव्हा मीच सगळं सांगितलं. ॲक्सिलरेटर, ॲटलास, उशी. मला वाटलं, त्या माझ्या बाजूने बोलतील. तर त्या म्हणाल्या, येडी आहेस का गं? तू गोष्ट नीट ऐकलीच नाहीस. तिसऱ्या दिवशी पोराला अक्कल कुठून आली? मी म्हटलं, आली असेल, सुचलं असेल. त्या म्हणाल्या, सुचतंय कुठलं! दोन रात्री तो तोंड पाडून घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं काय झालं, आणि तिने सांगितलं, अरे वेड्या, रस्ता कमी करायचा म्हणजे गोष्ट सांगायची. मला हे त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. त्या म्हणतात सांगितलं होतं. मी किल्ली शोधत असेन पर्समध्ये.

आणि मग त्यांनी त्याच सुनेची दुसरी गोष्ट सांगितली. राजवाडा पुरा होत आला. राजाच्या मनात पाप, की याला मारून टाकावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला याहून चांगला वाडा मिळायला नको. गोबानला सुगावा लागतो. तो म्हणतो, शेवटचा हात फिरवायला एक अवजार हवं, ते घरी राहिलंय. राजा त्याला सोडत नाही, आपल्या राजपुत्राला आणायला पाठवतो. राजपुत्र सुनेला अवजाराचं नाव सांगतो. असलं अवजार जगात नाही हे तिला माहीत असतं. ती म्हणते, हो हो, त्या मोठ्या पेटीत आहे, तळाशी, जरा वाकून काढा. तो वाकतो, ती मागून ढकलते, झाकण बंद. आणि राजाला निरोप, माझी माणसं धड परत पाठवा, मग तुमचा पोरगा घ्या. मिसेस फेही रोलर लावता लावता हसत होत्या. म्हणाल्या, जिकडे जाशील तिकडे लोक गोबानने बांधलेले मनोरे दाखवतील. घर वाचवलं ते तिने. तिचा एक दगड नाही कुठे.

मी वर आले आणि खोलीत नुसत्या फेऱ्या मारत राहिले. मी म्हाताऱ्या गोबानसारखी बसले होते विनय, तुझ्या शेजारच्या सीटवर. प्रश्न टाकायचा, वाट बघायची, उत्तर चुकलं की गाडी मागे फिरवायची. माझी जागा ती नव्हतीच. मी तुला आदल्या संध्याकाळी, ओमाहाला मुक्काम केला तिथल्या डायनरमध्ये, सांगायला हवं होतं, अरे वेड्या. पण त्याच वेळी हेही मनात येत होतं की मी का सांगू? प्रत्येक वेळी मीच का? सगळ्या गोष्टींत बाईनेच का म्हणून पुरुषाच्या कानात उत्तर सांगायचं? हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. त्यामुळे मी तुला फोन केला नाही, कार्यालयाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आईचा कॉल येईल म्हणून संध्याकाळी मी घराबाहेर राहायला लागले. जिलब्या खाते, बसने शेवटपर्यंत जाते, परत येते.

तुझे निरोप मला मिळाले. फोनच्या आन्सरिंग मशीनवरचे. पहिला: पोचलो, गाडी ठीक आहे, मावशी कार्यालयाचं विचारतायत, काय सांगू ते कळव. दुसरा: तुला यायचंच असेल तर बसपेक्षा विमान बरं पडेल, बुधवारचं तिकीट स्वस्त असतं. हा ऐकल्यावर मी मशीनची वायर उपटली होती, खरं सांगते. मग परत लावली.

आणि मग परवाचा तिसरा. मी बसमधून उतरून वर आले, लाल दिवा लुकलुकत होता, बटण दाबलं. आधी नुसता तुझा श्वास. मग तू म्हणालास, प्रतिमा, मी विनय. काम काही नाहीये. मी कपाट उघडत होते, ती तशीच थांबले. तुझा विनाकाम फोन मी आयुष्यात ऐकला नव्हता. तू म्हणालास, तुला एक सांगायचं राहिलं. नेवाडात एल्को सोडल्यावर एक पेट्रोलपंप लागला, तिथे आत काउंटरवर कोंबडा बसला होता. खरा. जिवंत. पंपवाला म्हातारा म्हणाला, हा पहाटे आरवत नाही. दिवसभर एवढ्या गाड्या येतात, हा ढिम्म. पण एका विशिष्ट प्रकारचा माणूस आत आला ना, की मग ओरडून ओरडून पंप डोक्यावर घेतो. कसला माणूस ते मी विचारणारच होतो. पैसे द्यायला म्हणून काउंटरजवळ गेलो, आणि कोंबड्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि

आणि बीप.

मशीनने तोडलं. मी उभीच. तू परत फोन केला नाहीस, तुला वाटलं असेल सगळं रेकॉर्ड झालं. किंवा वाटलं असेल, आपण हे काय बोलत बसलोय. तेव्हापासून विनय मला धड झोप नाही. चादरी धुतल्या, जिन्याचा सेक्शन दोनदा काढला, दोनदा चुकला. मिसेस फेहींना सांगितलं तर त्या मलाच ओरडल्या, अर्धी गोष्ट घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. संध्याकाळी मिस्टर लिंचनी कचऱ्याच्या डब्याशी मला थांबवून विचारलं, त्या कोंबड्याचं काय झालं? म्हणजे त्या दोघांचं सरळ बोलणं पण सुरू झालं.

गोष्ट सांगायची हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. एकट्याने उरलेला सगळा रस्ता गाडी चालवून तू तो कोंबडा कुणासाठी तरी जपून आणलास. म्हणून हे पत्र. मी येते असं लिहिण्यासाठी नाही, येत नाही असंही नाही. आईला मी कळवलंय की कार्यालयवाल्याला अजून थोडं थांबव. आपल्याकडे कोंबडा आरवला की काम जिथे आहे तिथे थांबतं, पुढे हजार वर्षं शिखर नाही. मला ते आधी कळायला हवं. फोनवर मी विचारलं असतं तर तू हो किंवा नाही म्हणून मोकळा झाला असतास, आणि मला हो-नाही नकोय. मशीनच्या मागे एक बारीक बटण असतं, मला इतके दिवस माहीत नव्हतं. ते मी दाबून ठेवलंय, आता टेप संपेपर्यंत तोडत नाही. हे पत्र मिळालं की फोन कर. वाजला तरी मी उचलणार नाही, शेजारीच बसलेली असेन. तो म्हातारा कसा दिसत होता, बाहेर वारं होतं का, तू काय खाल्लं होतंस, घाई न करता सगळं सांग. आणि मग सांग, तुला बघून तो आरवला का?

हा शब्द लिहू की नको यावर बराच वेळ अडले, आणि लिहितेय, तुझीच,
प्रतिमा